मदत हवी आहे : कष्टकऱ्यांच्या आयुष्यावरच्या जुन्या काळातल्या ब्रिटिश मालिका सुचवा

आईसोबत बीबीसीची २००४ सालची ‘नॉर्थ अँड साउथ’ पाहून संपवली. चारच भाग, पण मनातून जात नाही. नायिका मार्गारेट कापड गिरणीचं दार उघडते आणि आत बर्फासारखा कापूस तरंगत असतो, तिथे आईने मालिका थांबवायला लावली. आजोबा लालबागच्या गिरणीत होते. घरी यायचे तेव्हा भुवयांवर असाच कापूस असायचा, म्हणाली. मालिकेतल्या बेसी या गिरणी कामगार मुलीचा खोकला तर तिला ऐकवेना.

१९९५ची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आम्हा दोघींची लाडकी आहेच, सहाही भाग दोनदा पाहून झालेत. पण आता हवेल्या आणि नाचाचे समारंभ नकोत. गिरणी, खाण, गोदी, घरकामाच्या बायका यांच्याभोवती फिरणारं काही सुचवाल का? इंग्रजी सबटायटल्स हवीतच, तिकडच्या उत्तरेकडचे उच्चार आईला कळत नाहीत.