मदत हवी आहे: रग्बी लीगचे बदललेले नियम सासऱ्यांना कसे समजावू?

नमस्कार मंडळी,

मी सिडनीत पॅरामाटाजवळ राहते. सासरे सांगलीहून इथल्या हिवाळ्यापुरते आले आहेत. तरुणपणी कबड्डी खेळले, मग बरीच वर्षं पंचगिरी केली. शेजारचे आजोबा पॅरामाटा ईल्स या रग्बी लीग संघाचे कट्टर भक्त. १९८१, ८२, ८३ आणि ८६ची विजेतेपदं त्यांना पाढ्यासारखी पाठ आहेत, कारण त्यानंतर एकही नाही. दोघांचं गूळपीठ जमलंय, सामने एकत्र बघतात आणि दुभाष्याचं काम माझ्याकडे.

अडचण अशी की शिट्टी वाजली की आजोबा म्हणतात, "आमच्या वेळी याला कुणी ढुंकूनही बघत नसे." मी ते मराठीत सांगते. सासरे पडले पंच, ते लगेच विचारतात, "मग तेव्हा नियम काय होता? कधी बदलला? कशासाठी?" इथे माझं ज्ञान संपतं.

सहा टॅकलनंतर (म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा पकडून पाडल्यावर) चेंडू समोरच्या संघाला द्यायचा, हे पहिल्यापासून आहे का? आजोबा म्हणतात, नाही. मधेच घंटा वाजते, रेफरी हात फिरवतो आणि खेळ चालूच राहतो, ते काय? शिवाय आजोबांनी ऐंशीच्या दशकातले स्टेट ऑफ ओरिजिनचे (न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड) व्हिडिओ दाखवले. कोपर काय, गुद्दे काय, आणि नंतर तीच माणसं खेळतायत! परवाच्या सामन्यात मात्र समोरचा घसरून खाली आला, टॅकल करणाऱ्याचा खांदा त्याच्या डोक्याला लागला, तर दहा मिनिटं बाहेर. "हेतू नव्हता, मग शिक्षा कसली?" असं सासऱ्यांचं म्हणणं, आणि यावर दोघांचं एकमत.

नियमपुस्तिका नेटवर मिळाली, पण तिच्यात कारणं नाहीत. मला कारणं हवीत. (१३ जणांची लीग, १५ जणांची युनियन नव्हे.)

प्रतिसाद – टपरीवाला

रग्बी म्हणजे आपला राहुल बोस भारताकडून खेळायचा तोच ना?

प्रतिसाद – यॉर्कशायरचा पाव्हणा

नाही हो, तो युनियन. लीग आणि युनियनची वाटणी आमच्या इकडची. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाणी-गिरण्यांतले कामगार शनिवारी खेळायला आले की मजुरी बुडायची. ती भरून द्यावी असं क्लबांचं म्हणणं, आणि वरच्या मंडळींना खेळात पैसा नको होता. तिकिटावर पोट असल्यामुळे लीगने पहिल्यापासून बघणाऱ्याला कंटाळा येईल ते काढून टाकलं. लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू कडेवरून दोन रांगांमध्ये फेकणं) गेला, १९०६मध्ये खेळाडू १५चे १३ झाले आणि टॅकल झाल्यावर उठून टाचेने चेंडू मागे सारायची पद्धत आली.

टॅकलवर मात्र पुढची साठ वर्षं मर्यादा नव्हती. चेंडू हातातून सुटेपर्यंत तुमचाच. मजबूत फॉरवर्ड (पुढच्या फळीतले धिप्पाड गडी) असलेला संघ पंधरा-वीस टॅकल सलग दळत बसे आणि समोरच्याला चेंडू दिसतही नसे. सिडनीच्या सेंट जॉर्जने १९५६ ते ६६ अशी ओळीने ११ विजेतेपदं घेतली, ती याच जमान्यात. १९६७मध्ये तिकडे चार टॅकलची मर्यादा आली आणि त्याच वर्षी सेंट जॉर्जची मालिका तुटली. सगळं श्रेय नियमाला देऊ नका, पण शेजारच्या आजोबांना विचाराच. चार टॅकलमध्ये फारच घाई व्हायची, म्हणून १९७१पासून सहा.

सासऱ्यांना चढाईची वेळ सांगून बघा. ३० सेकंदांत परतायचंच, म्हणून चढाईत जीव असतो. तसंच हे.

प्रतिसाद – ब्रिस्बेनकर

ताई, घंटेचं आधी सांगतो. टॅकल करणारे पडलेल्याच्या अंगावर मुद्दाम रेंगाळतात, कारण तेवढ्यात त्यांची बचावफळी मागे जाऊन उभी राहते. पूर्वी याला पेनल्टी मिळे आणि खेळ थांबे. चतुर संघ म्हणत, द्या पेनल्टी, दम तर खाता येतो! करोनामुळे थांबलेली एनआरएल (इथली मुख्य रग्बी लीग स्पर्धा) मे २०२०मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा यावर उपाय आला: खेळ थांबवायचा नाही, टॅकलची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घंटा त्याची.

आता मारामारी. उंच टॅकल, कोपर, गुद्दा हे तेव्हाही नियमबाह्यच होतं, हे आजोबांना ठणकावून सांगा. बदलली ती वसुली. १९८३च्या ओरिजिनमध्ये लेस बॉयडच्या कोपराने डॅरिल ब्रोहमनचा जबडा मोडला. बॉयडला वर्षभराची बंदी झाली, पण ती नंतर, समितीपुढे. सिन बिन (दहा मिनिटं मैदानाबाहेर बसायची शिक्षा) १९८१पासून होती, तरी ओरिजिनमध्ये रेफरीने डोळेझाक करावी असा अलिखित करार होता. थेट २०१३पर्यंत! त्या जूनमध्ये पॉल गॅलनने नेट माइल्सला दोन सणसणीत गुद्दे ठेवले आणि तरीही तो मैदानातच राहिला. रात्रभर तेच दृश्य टीव्हीवर. मुलांना फुटी (इथे रग्बी लीगला असंच म्हणतात) खेळायला पाठवणाऱ्या आया काय म्हणतील ही धास्ती खरी. लगेच फर्मान निघालं: गुद्दा मारला की सिन बिन. पुढच्याच ओरिजिन सामन्यात चार जण एकदम बाहेर बसले. दहा मिनिटं १२ जणांनी खेळायचं म्हणजे सामना हातचा जाऊ शकतो, त्यामुळे सहकारीच हात धरायला लागले. आता कॉलर पकडून ढकलाढकली, त्यापलीकडे क्वचितच.

हात न वापरता नुसत्या खांद्याने धडक द्यायची शोल्डर चार्ज २०१३पासूनच बंद. तेव्हा खूप लोक चिडले होते. २०१५मध्ये क्वीन्सलंडच्या राज्य स्पर्धेत अशाच धडकेनंतर एक खेळाडू दगावला, मग आवाज बसला. २०१४मध्ये न्यूकॅसलच्या अ‍ॅलेक्स मॅकिननला तिघांनी उचलून टाकलं, मानेचा मणका गेला, तो व्हीलचेअरवर आला. टाकणाऱ्यांपैकी एकाला सात सामन्यांची बंदी झाली. उचलून आपटण्याबद्दल त्यानंतर कुणी विनोद करत नाही.

प्रतिसाद – धागाकर्ती

खूप आभार दोघांचे! सेंट जॉर्जचं नाव काढल्यावर आजोबा अर्धा तास बोलले, मला निम्मंच कळलं. सासरे मात्र हेतूवर अडून आहेत. "पंचाने मनातलं बघायचं असतं," म्हणतात.

प्रतिसाद – ब्रिस्बेनकर

इथे रेफरी मनात बघत नाही, डोकं बघतो. समोरच्याच्या डोक्याची जबाबदारी टॅकल करणाऱ्यावर. तो घसरला, वाकला, तर शिक्षा थोडी हलकी होईल इतकंच. मे २०२१मध्ये ब्रिस्बेनच्या मॅजिक राउंडला (त्या फेरीचे सगळे सामने एकाच शहरात) ही कडक अंमलबजावणी एकदम सुरू झाली, तेव्हा एका वीकेंडला तिघांना उरलेल्या सामन्यासाठी बाहेर काढलं आणि डझनाहून अधिक जण सिन बिनमध्ये गेले. मी स्टेडियममध्ये होतो, लोक रेफरीच्या नावाने शंख करत होते.

कारण मेंदू. निवृत्त खेळाडूंच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार मृत्यूनंतरच्या तपासणीत सापडू लागला. स्टीव्ह फोक्स, मग पॉल ग्रीन. ही आजोबांच्या ओळखीची नावं आहेत, जपून काढा. २०२३पासून कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला धक्का) झालं की साधारणपणे ११ दिवस सक्तीची विश्रांती.

पण "खेळ मऊ झाला" हे मला साफ अमान्य. १९९३मध्ये बचावफळी पाचऐवजी दहा मीटर मागे उभी राहू लागली, म्हणजे दोन्हीकडून जास्त धाव घेऊन टक्कर. त्यात खेळाडू आता पूर्ण वेळ व्यावसायिक, व्यायामाने तयार झालेले. गुद्दे गेले, टक्कर वाढली. सासऱ्यांना मैदानाच्या कडेला बसवा एकदा, टीव्हीवर तो आवाज येत नाही.

प्रतिसाद – धागाकर्ती

तिकिटं बघते. एक शेवटचं: स्क्रममध्ये (दोन्हीकडचे गडी वाकून एकमेकांत अडकतात आणि मधे चेंडू टाकतात तो) हे लोक नुसते एकमेकांना टेकून उभे असतात. सासरे म्हणतात, ही फसवणूक आहे.

प्रतिसाद – यॉर्कशायरचा पाव्हणा

सासऱ्यांची नजर पक्की! चेंडू सरळ आपल्याच माणसाच्या पायात टाकतात आणि रेफरी बघत नाही. पूर्वी हुकर (स्क्रममध्ये पायाने चेंडू ओढणारा गडी) त्यासाठी खरंच झुंजायचा, पण स्क्रम कोसळायचे, पेनल्ट्यांचा पाऊस पडायचा. मग ती झुंज हळूहळू सोडून दिली. एनआरएलने तर २०२१पासून चेंडू किकने बाहेर गेल्यावरचा स्क्रमही काढला. राहिलाय तो एवढ्यासाठीच की दोन्हीकडचे सहा-सहा धिप्पाड गडी एका जागी अडकतात आणि बाकीच्यांना पळायला मैदान मोकळं मिळतं. पुढच्या वेळी स्क्रमकडे नका बघू, त्यामागे उभ्या असलेल्या सेंटर-विंगरकडे बघा.