नाशिकजवळ फेजंट दिसतो का?

गोदाकाठचा:
मे महिन्यात उत्तराखंडात चोपत्याला मोनाल (हिमालयातला फेजंट, म्हणजे कोंबडीच्या कुळातला रानपक्षी) पाहून आलो. नर डोळ्यांसमोरून दरीत झेपावला, पाठीवरचा पांढरा पट्टा दिसला आणि गायब. तेव्हापासून डोक्यात एकच किडा, आपल्याकडे या जातकुळीतलं काय आहे? परवा हरसूलच्या अलीकडे सकाळी सहाला दोन तांबूस-तपकिरी 'कोंबड्या' रस्ता ओलांडून करवंदीच्या जाळीत शिरल्या. उडाल्या नाहीत. फोटो हललाय. रानकोंबड्या असतील का?

निवृत्त_ड्रायव्हर:
तुरा नव्हता, जोडीनं होत्या, उडायचा कंटाळा. म्हणजे चकोत्री. मी त्या बाजूला सतरा वर्षं एसटी चालवली, पहाटेच्या गाडीला हे पक्षी हेडलाइटमध्ये रोजचे. चकोत्री तित्तिरापेक्षा मोठी, गावठी कोंबडीपेक्षा लहान. डोळ्याभोवतीची उघडी कातडी लाल, पायही लाल. नराच्या एकेका पायाला मागे दोन-तीन काटे असतात, पण ते दिसेपर्यंत ती थांबत नाही.

रानकोंबडा वेगळाच. अंगानं राखाडी, शेपूट काळी आणि कोयत्यासारखी वाकलेली, मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळे ठिपके. याच पिसांपायी तो मारला गेला, साहेबलोकांच्या मासे पकडायच्या गळांना ती बांधायचे. पावसाळ्यात ही पिसं झडतात, मग नर ओळखूच येत नाही. बांग तुटक, कुक्-काया-काया-कुक्. आमचा एक कंडक्टर दर वेळी म्हणायचा, "कुणाचा तरी कोंबडा चुकलाय वाटतं, घसा बसलाय बिचाऱ्याचा."

आणि एक राहवत नाही म्हणून सांगतो. अख्खं नाशिक मोठाल्या लेन्स घेऊन नांदूर मध्यमेश्वरला बदकं बघायला जातं, पेठ-सुरगाण्याच्या या कोंबड्यांना कोणी विचारत नाही.

जीवशास्त्र_शिक्षिका:
मोनाल, मोर, रानकोंबडा, चकोत्री, तित्तिर, लावा सगळे फॅसिॲनिडी कुळातले. यातल्या मोर आणि रानकोंबड्याला फेजंटांत धरायची जुनी रीत आहे, तेव्हा फेजंट तुम्ही लहानपणापासून बघताय! मोनाल, कोकलास, चीर हे मात्र हिमालयातलेच, सह्याद्रीत शोधू नका.

माझ्या वर्गातली मुलं एका गोष्टीवर हमखास दचकतात. गावठी कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा, पण तिच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते आपल्या राखी रानकोंबड्याकडून आलंय. 2008 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे कधीतरी या दोघांचा संकर झाला होता.

गोदाकाठचा:
फोटो मोठा करून पाहिला. बाकी सगळं धुरकट, पण डोळ्याभोवतीचं लाल स्पष्ट आहे. चकोत्रीच! काका, नेमकी जागा आणि नकाशा इथे टाकू का?

निवृत्त_ड्रायव्हर:
अजिबात नको. त्या जाळ्यांत फासे लावणारे आहेत, त्यांनाही मोबाइल वाचता येतो. मी दोनदा स्वतःच्या हातानं फास सोडवलाय, एकदा उशीर झाला होता.

पुन्हा जाल तेव्हा गाडी बंद करून काचा खाली घ्या आणि अर्धा तास गप बसा. आधी पाचोळा खसखसतो, मग ती येते. चहा घरून न्या, तिथली टपरी आठशिवाय उघडत नाही.