‘कोसोन’ सुवर्णनाणी नेमकी कोणी पाडली?

प्रश्न :
रुमानियातील ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे प्राचीन डेशियात, सापडणाऱ्या ‘कोसोन’ नाण्यांचा अभ्यास करीत आहे. एका बाजूस चालत असलेले तीन पुरुष आणि त्यांच्या पायांखाली ग्रीक लिपीत ‘कोसोन’ हा लेख. दुसऱ्या बाजूस राजदंडावर उभा राहून एका पायाने पानांचे कडे उचलून धरणारा गरुड. चित्रे रोमन, लिपी ग्रीक आणि सापडण्याचे ठिकाण डेशियन असताना कोसोन हा डेशियाचाच राजा होता, असे ठामपणे म्हणता येईल का?

उत्तर 1 :
तीन पुरुषांचे चित्र मार्कस ब्रूटसने (ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक) इ. स. पू. 54 मध्ये रोममध्ये पाडलेल्या चांदीच्या दिनारावरून घेतले आहे. तिथे चार आकृती आहेत, इथे एक गळली आहे. मात्र तिथे ‘ब्रूटस’ हे नाव जिथे कोरले आहे, नेमके तिथेच इथे ‘कोसोन’ येते. डेशियाच्या दक्षिणेकडील थ्रेस या प्रदेशाच्या मारल्या गेलेल्या राजाच्या विधवेकडून मिळालेल्या धनाची ब्रूटसने नाणी पाडली, असे ॲपियन हा इतिहासकार सांगतो आणि काही कोसोन नाण्यांवरील गुंफलेल्या अक्षरांच्या मोनोग्राममध्ये ब्रूटसच्या नावाची अक्षरे वाचली जातात. त्यामुळे ही नाणी ब्रूटससाठीच पाडली गेली, असे मला वाटते.

उत्तर 2 :
चित्र कोणाचे उचलले, यावरून नाणे कोणी पाडले हे ठरत नाही. गरुडाचे चित्र पोम्पोनियस रुफस या दुसऱ्या रोमन नाणे-अधिकाऱ्याच्या दिनारावरचे आहे आणि त्याचा ब्रूटसशी काही संबंध नाही. समोर असलेल्या रोमन चलनातून ठसे कोरणाऱ्याने दोन चित्रे निवडली, इतकेच त्यातून दिसते. माझ्या मते खरा पुरावा धातूत आहे. मोनोग्राम असलेली नाणी शुद्ध केलेल्या सोन्याची आहेत, तर मोनोग्राम नसलेल्या नाण्यांत ट्रान्सिल्व्हेनियातील नैसर्गिक सोन्याप्रमाणे चांदीचा अंश राहिलेला आढळतो. मग दोन्ही गट एकाच टांकसाळीत, एकाच वेळी पाडले गेले, हे आपण आधीच का गृहीत धरावे? शिवाय नाणी प्रामुख्याने ट्रान्सिल्व्हेनियातच मिळतात. 1543 मध्ये स्ट्रेई नदीत सापडलेला मोठा साठाही तिथलाच. ब्रूटसच्या सैन्याला वाटलेले सोने, ते सैन्य जिथे लढले त्या मॅसिडोनियात आणि थ्रेसमध्ये मोठ्या संख्येने मिळायला हवे होते.

उत्तर 3 :
ब्रूटसने ते सोने डेशियन सैनिकांना वेतन म्हणून दिले असेल, तर ते त्यांच्या गावीच पोचणार. म्हणून सापडण्याच्या ठिकाणावरून पहिले मत पूर्णपणे बाद होत नाही. खरी हानी सार्मिझेगेटुसा या डेशियाच्या प्राचीन राजधानीच्या परिसरात मेटल डिटेक्टर घेऊन चोरून केलेल्या खोदकामाने केली आहे, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. दोन्ही गटांची नाणी एकाच खड्ड्यात होती का, त्यांच्यासोबत कोणती भांडी किंवा रोमन दिनार होते, एवढे जरी नोंदले गेले असते, तरी कालक्रमाचा प्रश्न बराचसा सुटला असता. आता ज्या नाण्यांची जागा नक्की ठाऊक आहे, तेवढीच वेगळी काढून त्यांच्या ठशांची तुलना करावी.