अंड्यात किंवा पिल्लावस्थेत लागलेल्या प्रदूषणाने माशांची वागणूक बदलते का?

सुहास, दापोली तालुका

नमस्कार मंडळी. आमचे गाव खाडीच्या मुखापासून थोडे आत आहे. पावसाळा सरत आला की बोयची बारीक पिल्ले थव्याने खाडीत शिरतात. काठावर कोणी उभे राहिले किंवा खंड्या डोक्यावरून गेला की सगळा थवा क्षणात फुटतो आणि चार हातांवर पुन्हा जुळतो, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. गेल्या काही हंगामांत मात्र वरच्या अंगाला, जिथे कारखान्यांचे सांडपाणी घेऊन येणारा ओढा खाडीला मिळतो, तिथली पिल्ले सावली पडली तरी उशिरा हलतात, काही तर जागची हलतच नाहीत, आणि एकदा फुटलेला थवा बराच वेळ विस्कळीत राहतो. मुखाजवळच्या पिल्लांत हा फरक दिसत नाही. ही पिल्ले मेलेली नाहीत, अंगावर डाग नाही, पोट भरलेले दिसते. त्यामुळे तक्रार केली की मेलेले मासे कुठे आहेत, एवढाच प्रश्न आम्हाला विचारला जातो. अगदी कोवळ्या वयात प्रदूषण लागले तर प्राणी जगतो, पण त्याची वागणूक बिघडते, असे शास्त्राला माहीत आहे का? असल्यास ते कसे घडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वैशाली, रत्नागिरी (प्राणिशास्त्राचे अध्यापन)

सुहासराव, माहीत आहे, आणि बऱ्याच काळापासून माहीत आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील खाड्यांत मम्मीचॉग नावाचा लहान मासा असतो. ज्युडिथ वाइस आणि पेड्रिक वाइस यांनी त्याची अंडी मिथिल पाऱ्याच्या (पाऱ्याचे सजीवांच्या शरीरात साचत जाणारे विषारी रूप) अत्यल्प मात्रेत ठेवली आणि बाहेर आलेल्या पिल्लांना स्वच्छ पाण्यात सोडले. पिल्ले दिसायला ठीक होती, परंतु भक्ष्य पकडण्यात ती सुरुवातीला स्पष्टपणे मागे पडली. साधारण आठवड्याभरात ही उणीव भरून निघाली, हेही त्यांनी नोंदवले. आठवडा हा काळ आपल्याला किरकोळ वाटतो, पण अंड्यातला बलक संपल्यानंतरचे पहिले काही दिवस पिल्लाला खाणे मिळते की नाही आणि ते कोणाचे खाणे होते, यावरच त्याचे जगणे ठरते.

कारण असे, की अंड्यात आणि त्यानंतर लगेचच मेंदूची जडणघडण चालू असते. पेशी आपापल्या जागी पोहोचत असतात, मज्जातंतूंचे जोड बांधले जात असतात, आणि विषारी द्रव्यांना मेंदूबाहेर रोखणारा अडसर अजून पक्का झालेला नसतो. मोठ्या माशाला जी मात्रा सहज सोसते, ती या काळात जोडणीच बदलून टाकते. मिनामाताचे उदाहरण सर्वांना ठाऊक असेल. जपानमधील या ठिकाणी कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथिल पारा माशांवाटे माणसांच्या पोटात गेला. त्यातून झालेल्या आजाराची अधिकृत नोंद 1956 साली झाली, आणि तिथे वरवर निरोगी वाटणाऱ्या आयांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मली. गर्भ आईपेक्षा किती नाजूक असतो, हे जगाला तिथे फार मोठी किंमत देऊन कळले.

पक्ष्यांमध्येही हे दिसले आहे. फ्लोरिडात पांढऱ्या आयबिस पक्ष्यांना पिल्लेपण सरते न सरते तोच मिथिल पारा मिसळलेले खाद्य सुरू केले आणि पुढे सुमारे तीन वर्षे दिले. सर्वांत कमी मात्रा खाद्याच्या दर दहा लाख भागांत केवळ 0.05 भाग होती. वयात आल्यावर त्यातील नरांचे प्रणयाराधन कमी पडले आणि बऱ्याच नरांनी नरांशीच जोडी बांधली. त्यांपैकी कोणताही पक्षी पाहून तो आजारी आहे असे कोणी म्हटले नसते.

आता तुमच्या बोयविषयी. बोय समुद्रात अंडी घालते आणि पिल्ले खाडीत नंतर येतात. म्हणून अंड्यातच प्रदूषण लागले असे तुमच्या निरीक्षणावरून म्हणता येणार नाही. खाडीत शिरल्यानंतरच्या आठवड्यांत काय घडते, हा इथला खरा प्रश्न आहे.

प्रकाश, वेळास

आमच्याकडे 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकाराने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण चालते, त्यामुळे पिल्ले जवळून पाहायला मिळतात. वाळूतून वर आलेले पिल्लू क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धाव घेते. नैसर्गिक किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. मागे हॉटेलचे दिवे असतील तर पिल्लू उलट दिशेने वळते, पुळणीवर घिरट्या घालते आणि पोटातल्या बलकाची जी शिदोरी पहिल्या पोहण्यासाठी असते ती वाळूतच खर्ची घालते. दिव्याचा उजेड हेही कोवळ्या वयातले प्रदूषण मानावे, असे मला वाटते.

वैशाली, रत्नागिरी

प्रकाशदादा, प्रदूषण म्हणून मान्य आहे, पण ते वेगळ्या जातीचे आहे. दिवा विझवला की पिल्लू पुन्हा बरोबर दिशा धरते, कारण त्याच्या मेंदूत बिघाड नसतो, त्याला मिळालेली खूण चुकीची असते. सुहासरावांनी विचारलेला परिणाम कारण दूर झाल्यावरही मागे उरतो. या दोहोंची सरमिसळ केली तर उपायही चुकतील. कासवांसाठी दिवे झाकणे पुरेसे आहे, खाडीसाठी तसा सोपा उपाय नाही.

तेल हे त्या दुसऱ्या प्रकारचे नेमके उदाहरण आहे. मेक्सिकोच्या आखातात 2010 साली झालेल्या तेलगळतीनंतर माही-माही माशाची अंडी 48 तास कच्च्या तेलाच्या अत्यल्प अंशात ठेवून नंतर पिल्ले स्वच्छ पाण्यात वाढवण्यात आली. काही आठवड्यांनी त्यांचा पोहण्याचा कमाल वेग 37 टक्क्यांनी कमी भरला. हा मासा अरबी समुद्रातही मिळतो, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन अलिबागपर्यंत तेल आले होते. पावसाळ्यात आपल्या पुळणींवर येणारे डांबराचे गोळे पाहताना मला पायांना लागणाऱ्या चिकट्यापेक्षा पाण्यावर तरंगणाऱ्या अंड्यांची काळजी अधिक वाटते.

नीलिमा, कुडाळ (सातेरी मधमाशापालन)

माशांविषयी मला फारसे कळत नाही, पण हाच प्रश्न आमच्या पेट्यांपुढेही उभा आहे. आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फवारले जाते. माश्या मकरंद आणि पराग घरी आणतात, आणि तेच अळ्यांच्या तोंडी जाते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी 2020 साली भुंग्यांच्या वसाहतींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. अळी असताना हे द्रव्य पोटात गेलेल्या भुंग्यांना मोठेपणी गंध आणि खाद्य यांचा संबंध शिकणे जड गेले, आणि मेंदूतील शिकण्याशी निगडित भागाचा आकारही लहान आढळला. तो अभ्यास भुंग्यांवरचा आहे, तो सातेरीला जसाच्या तसा लावू नये. तरीही फवारणीनंतर पेटीपुढे मेलेल्या माश्या दिसल्या नाहीत की बागायतदार निश्चिंत होतात, हे मला खटकते. त्या हंगामातील अळ्या मोठ्या होऊन फुलोऱ्यावर जाऊ लागतात तेव्हा फवारणी कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते.

सुहास, दापोली तालुका

सर्वांचे मनापासून आभार. वैशालीताई, बोयच्या बाबतीत हा परिणाम त्या क्षणीच्या पाण्याचा आहे की आधीच होऊन गेलेल्या इजेचा, हे आमच्यासारख्यांना ओळखता येईल का?

वैशाली, रत्नागिरी

बऱ्याच अंशी येईल. पहिली शंका प्राणवायूची घ्यावी. पिल्ले पृष्ठभागाशी तोंड आणून पाणी पीत असल्यासारखी दिसत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे, आणि अशी पिल्ले सावलीला दाद देत नाहीत. दुसरी शंका तांब्याची. होड्यांच्या तळाला शेवाळ व शिंपले धरू नयेत म्हणून लावतात त्या रंगात तांबे असते आणि ते फार कमी मात्रेतही माशांची घ्राणशक्ती बोथट करते. जखमी माशाच्या त्वचेतून पाण्यात उतरणारा इशाऱ्याचा गंध प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 साली दाखवून दिला होता. तो गंधच कळला नाही तर थव्यातील पिल्लांना शेजारच्यावर ओढवलेले संकट कळत नाही.

म्हणून ओढ्याजवळची आणि मुखाजवळची सारख्या लांबीची पिल्ले दोन वेगळ्या टाक्यांत ठेवावीत. पाणी एकाच स्वच्छ जागेचे आणि सारख्या खारटपणाचे असावे, हवेचा पंप दोन्हीकडे असावा. दररोज ठरावीक वेळी पुठ्ठ्याची सावली टाकून मोबाइलवर चित्रण करावे. कोणती टाकी कुठल्या पिल्लांची आहे हे चित्रण पाहून वेळ मोजणाऱ्याला सांगू नये. एकदोन दिवसांत फरक मिटला तर दोष त्या वेळच्या पाण्याचा होता, असे मानण्यास जागा आहे. आठदहा दिवसांनंतरही फरक टिकला तर आधीच इजा झाली असण्याचा संशय बळावतो. मम्मीचॉगच्या पिल्लांनाही सावरायला आठवडा लागला होता, म्हणून त्याआधी निष्कर्ष काढू नये.

अंड्यातील परिणाम पाहायचा असेल तर बोय सोडून कालुंदर किंवा निवटी घ्यावी. कालुंदर खाडीतच बुडालेल्या दगडांना आणि लाकडांना अंडी चिकटवते व नर-मादी दोघेही राखण करतात, तर निवटीची अंडी चिखलातल्या बिळात असतात. जड धातू मुख्यतः गाळात साचतात, त्यामुळे निवटीच्या अंड्यांना ते सर्वांत आधी गाठतील. तुमच्या तक्रारीत पाण्याच्या नमुन्याबरोबर ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या गाळाचा नमुना तपासण्याची मागणी लेखी करा, आणि टाकीतील चित्रण तारीख व भरती-ओहोटीच्या वेळेसह सोबत जोडा. चित्रण सुरू केल्यावर पहिल्या आठवड्याच्या नोंदी इथे टाकल्यात तर वेळ मोजण्याचे काम माझे विद्यार्थी करतील.