‘पाचवी पूर्ण संख्या’ – बरोबर की चूक?

एका लेखाचं मुद्रितशोधन करतोय. त्यात वाक्य आहे: ‘३,३५,५०,३३६ ही पाचवी पूर्ण संख्या होय.’ शाळेत शिकलो त्याप्रमाणे पूर्ण संख्या म्हणजे ०, १, २, ३, ४… म्हणजे पाचवी ४. मग ही साडेतीन कोटींच्या घरातली पाचवी कशी? शब्द चुकलाय की गणित?

– शब्द. तिथे ‘परिपूर्ण’ हवं. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते, ती परिपूर्ण संख्या. ६ = १+२+३. मग २८, ४९६, ८१२८, आणि त्यानंतर एकदम ही.

– पण ‘पूर्ण वर्ग’ म्हणतोच की आपण! ४९ हा पूर्ण वर्ग. इंग्रजीत दोन्हीकडे ‘पर्फेक्ट’च आहे. लेखकाने तेच केलं, तर बिघडलं कुठे?

– ‘पूर्ण संख्या’ ही जागा आधीच भरलेली आहे, तिथे बिघडलं. ‘वर्गा’मागे ‘पूर्ण’ खपून जातं, ‘संख्ये’मागे नाही. मुळात या शब्दावर आपण फार ओझं टाकलंय. पूर्ण संख्या निराळ्या, ऋण संख्यांनाही पोटात घेणारे पूर्णांक निराळे, आणि ‘दोन पूर्णांक एक छेद तीन’ म्हणताना तोच पूर्णांक अपूर्णांकाशेजारी जाऊन बसतो! ‘परि’ म्हणजे सभोवार, जसं परिघ, परिमिती. सगळीकडचे भाग गोळा केले आणि काही उणं-अधिक राहिलं नाही, असा अर्थ मला तरी त्यात छान बसतो.

– लेखात पुढे ‘अवयवांची बेरीज’ असंही आहे. चालेल?

– मी ‘विभाजक’ करेन. ‘अवयव’ म्हटलं की वाचक मूळ अवयव पाडायला घेतो. ६ चे मूळ अवयव २ आणि ३, बेरीज ५. झाला घोटाळा! या मोठ्या संख्येत तर फरक ढळढळीत दिसतो. ती म्हणजे ४०९६ × ८१९१. पैकी ४०९६ हा २ चा बारावा घात आणि ८१९१ ही मूळ संख्या. आता विभाजक मांडा: १, २, ४ असं दुप्पट करत ४०९६ पर्यंत तेरा, त्यांची बेरीज नेमकी ८१९१. मग ८१९१ ची १ पट, २ पट, ४ पट असं २०४८ पटीपर्यंत बारा, त्यांची बेरीज ८१९१ × ४०९५. दोन्ही मिळवा, ८१९१ × ४०९६. पंचवीस विभाजकांत हिशेब चोख. कागदावर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

– केलं, जुळलं. दोन्ही शब्द बदलले. शेवटचं वाक्य: ‘विषम परिपूर्ण संख्या अस्तित्वात नाहीत.’

– तेही बदला. सम परिपूर्ण संख्या सगळ्या याच साच्याच्या असतात (२ चा एखादा घात गुणिले त्याच्या दुपटीहून एकने कमी अशी मूळ संख्या), हे गणितज्ञ ऑयलरने सिद्ध केलंय. विषम असतात की नसतात, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. ‘अजून सापडलेल्या नाहीत’ एवढंच लिहा.