मदत हवी आहे: स्थिरचित्र डावीकडे कलतंय, तोल कसा सावरू?

नमस्कार मंडळी,

अ‍ॅक्रिलिकमध्ये एक स्थिरचित्र करतेय. आडवा कॅनव्हास, १८ बाय २४ इंच. रंगकाम बरंच पुढे गेलंय आणि आता मांडणीपाशी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

चित्रात डावीकडे, कडेपासून चार बोटं आत, एक मोठी काळी किटली आहे. तिची तोटी डावीकडे. उजवीकडे दोन लिंबं, एकमेकांना अगदी चिकटून, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या कापडाच्या चुण्या. मागची भिंत फिकट राखाडी, टेबल तपकिरी. उजेड डावीकडून वरून येतो, म्हणून सावल्या उजवीकडे पडल्यात.

चार पावलं मागे जाऊन पाहिलं की अख्खं चित्र डाव्या अंगाला झुकल्यासारखं वाटतं. नजर आधी किटलीवर जाते, तिथेच जावी अशी माझीही इच्छा आहे. पण मग ती लिंबांकडे न येता डाव्या कडेवरून निघून जाते. लिंबं मन लावून रंगवलीत, तरी ती मागाहून आणून ठेवल्यासारखी दिसतात.

पेन्सिलने लहान आराखडे करून पाहिले. किटली मधोमध आणली तर झुकणं थांबतं, पण चित्र मुकं होतं. उजवीकडे आणखी फळं ठेवली तर नुसती गर्दी होते आणि मला ती मोकळी भिंत हवीच आहे. आरशात पाहिलं तर आणखी एक कोडं: किटली उजवीकडे गेल्यावर ती जास्तच जड वाटते. चित्र तेच, आकार तेच, मग असं का व्हावं?

समतोलाबद्दल कुठेही वाचायला घ्या, पहिल्या परिच्छेदात सी-सॉ येतो. जड मूल मध्याजवळ, हलकं मूल टोकाला. पटतं. पण मुलांचं वजन किलोत मोजता येतं, चित्रातलं कशात मोजायचं? अमेरिकन चित्रकार व्हिसलरने १८७१ साली आपल्या आईचं चित्र केलं. त्यात काळ्या पोशाखातली आई मध्याच्या उजवीकडे बसलेली आहे आणि डावीकडे दुसरं कुणीही नाही. ते चित्र उजवीकडे कलत कसं नाही? एवढं समजलं तर माझ्या किटलीचंही समजेल असं वाटतं.

प्रतिसाद १

मोजायला माप नाही, पण वजन कशाने वाढतं हे चित्रकारांना अनुभवाने चांगलं माहीत आहे. आकार मोठा असला की वाढतं, हे उघडच आहे. त्याहून जास्त काम करतो तो आजूबाजूच्या छटेशी असलेला फरक. फिकट भिंतीपुढे काळी किटली म्हणजे चित्रातला सगळ्यात मोठा फरक तिथेच, त्यामुळे आकाराच्या मानाने ती दुप्पट जड झाली आहे. याशिवाय भडक रंग फिक्या रंगापेक्षा जड, खरखरीत पोत गुळगुळीत पोतापेक्षा जड, एकटी वस्तू घोळक्यातल्या वस्तूपेक्षा जड.

हा शेवटचा मुद्दा तुमच्या लिंबांना लागू पडतो. दोघं चिकटून बसल्यामुळे त्यांचा एकच लहान ठिपका झालाय. एक लिंबू सोडवून उजव्या कडेकडे न्या. एकटं पडलेलं पिवळं लिंबू काळ्या किटलीला बरंच पेलेल.

डच चित्रकार माँड्रियानचं १९३० मधलं लाल, निळ्या, पिवळ्या रंगांचं चित्र जरूर पाहा. उजवीकडे वर भलामोठा लाल चौकोन, त्याने जवळजवळ सगळं चित्र व्यापलंय. त्याच्यासमोर उभा कोण, तर खाली डाव्या कोपऱ्यात लहानसा निळा आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्याहून चिमुकला पिवळा. पांढरे चौकोन आणि कमीजास्त जाडीच्या काळ्या रेघाही या हिशेबात आहेत. निळा झाकून बघा, लाल लगेच अंगावर येतो.

प्रतिसाद २

व्हिसलरच्या चित्राबद्दल लिहितो, कारण तुमचं उत्तर मला तिथेच दिसतं.

आई उजवीकडे आहे, पण बसली आहे डावीकडे तोंड करून, पूर्ण बाजूने. तिची नजर, गुडघे, पायाखालच्या पाटाकडे गेलेली पावलं, सगळं डावीकडे निघालेलं आहे. ज्या बाजूला माणूस नाही ती बाजू तिच्या नजरेने भरून टाकली आहे. ती नजर पुढे चित्राबाहेर सांडू नये म्हणून डाव्या कडेला एक गडद नक्षीदार पडदा सरळ उभा लटकतो. मधे भिंतीवर चौकटीतलं एक चित्र आहे, काळ्या चौकटीत पांढरा समास. आईच्या पोशाखातला काळा आणि टोपीतला पांढरा तिथे लहान प्रमाणात पुन्हा येतो. उजवीकडे वर दुसऱ्या चौकटीचा फक्त एक तुकडा ठेवलाय, बाकी कडेने कापलाय. तो तुकडा बोटाने झाकून पाहा, तिच्या डोक्यामागची जागा एकदम पोकळ होते. व्हिसलरने या चित्राला नावच मुळी राखाडी आणि काळ्या रंगांची मांडणी असं दिलं होतं. आई बसली आहे ती त्या मांडणीत.

आता तुमच्याकडे या. तुमच्या किटलीलाही दिशा आहे आणि ती तोटी दाखवते. तोटी डावीकडे, कड चार बोटांवर, आणि मधे अडवायला पडदा नाही. नजर किटलीवर येते आणि तोटी तिला बाहेरचा रस्ता दाखवते. माझ्या मते झुकण्याचं निम्मं कारण हे आहे, काळा रंग त्यानंतर.

एक करून पाहा. भिंतीच्या छटेचा कागद कापून तोटीवर चिकटवा आणि लांबून बघा. लिंबांचे आकारही कागदाचे कापून सरकवून पाहा. ब्रश इतक्यात उचलू नका.

प्रतिसाद ३

आरशाच्या कोड्याबद्दल. हे फक्त तुम्हालाच जाणवलेलं नाही. कला-इतिहासकार हाइनरिक वोल्फलिन याने चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं केल्यावर त्याचा भाव बदलतो हे नोंदवलं होतं, आणि पुढे कलेच्या मानसशास्त्राचा अभ्यासक रुडॉल्फ आर्नहाइमने त्यावर सविस्तर लिहिलं. त्याचं म्हणणं असं की चित्र पाहताना आपण डावीकडून आत शिरतो आणि उजवीकडे पोहोचतो, म्हणून तोच आकार उजव्या बाजूला जास्त जड वाटतो. वाचनाच्या दिशेशीही याचा संबंध जोडतात.

जपानी चित्रकार होकुसाईचं 'मोठी लाट' हे चित्र (१८३१च्या सुमाराचं) या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. आपण डावीकडून लाटेबरोबर आत येतो. पण जपानी लिखाण उजवीकडून डावीकडे जायचं आणि होड्याही त्याच दिशेने निघालेल्या आहेत, म्हणजे मूळ प्रेक्षकाची नजर होड्यांबरोबर जाऊन लाटेवर आदळत असणार. आणि तोल? डावीकडे एवढं पाणी, तर त्याच्यासमोर लाटेच्या खोलगटात बोटभर फुजी पर्वत. गडद आभाळापुढे त्याचं पांढरं टोक, आजूबाजूला काही नाही, आणि लाटेची सगळी कमान त्याच्यावर रोखलेली. एवढासा डोंगर, पण पुरून उरतो.

प्रतिसाद ४

एका गोष्टीला माझी हरकत आहे. मधोमध ठेवलं की चित्र मुकं होतं, हे सरसकट खरं नाही. लिओनार्दोचं 'अखेरचं भोजन' बघा. येशू बरोबर मधे, दोन्ही बाजूंना सहा-सहा शिष्य, पुन्हा तिघातिघांचे गट, छताच्या आणि भिंतींच्या रेषा येशूच्या डोक्यापाशी मिळतात. इतकी काटेकोर सममिती, तरी भिंतीवरचं हे चित्र जिवंत आहे, कारण प्रत्येक गटातले हात आणि माना वेगळ्या वळतात. मधोमध ठेवण्याचा पर्याय इतक्या लवकर सोडू नका. फक्त मग दोन्ही बाजूंना वेगवेगळं काही घडायला हवं.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार! कागद चिकटवून पाहिले.

तोटी झाकल्याबरोबर झुकणं बरंच कमी झालं. काळा रंग तेवढाच, आकारही जवळपास तेवढाच, फक्त तो बाहेर जाणारा हात गेला. मग एक लिंबू सोडवून उजव्या कडेकडे नेलं, तर नजर किटली, कापड, पहिलं लिंबू, दुसरं लिंबू अशी टप्प्याटप्प्याने जायला लागली. मोकळी भिंत तशीच राहिली, पण आता ती रिकामी वाटत नाही.

प्रतिसाद ४, तुमचं म्हणणं मान्य. पण या चित्रात मला ती मोकळी भिंत एकाच बाजूला, सलग हवी आहे, म्हणून किटली डावीकडेच ठेवते.

आता प्रश्न तोटीचा. ती उजवीकडे फिरवली तर थेट लिंबांवर बोट दाखवल्यासारखी होते, ते फार ठळक वाटतं. काढून टाकली तर किटली ओळखूच येणार नाही. काय करावं?

प्रतिसाद २

बघणाऱ्याकडे वळवा, किंचित उजवीकडे झुकती. समोरून पाहिल्यावर तोटी आखूड होते, तिची दिशा बोथट होते आणि बहुतेक भाग किटलीच्या काळ्या पोटावरच येतो. भिंतीपुढे तिची बाह्यरेषा उरत नाही. तोटीच्या तोंडावर उजेडाचा एक लहान ठिपका ठेवा, ओळखायला तेवढा पुरेल. मात्र स्मरणाने रंगवू नका. खरी किटली फिरवून, उजेड तसाच ठेवून पुन्हा पाहा, कारण तोटीची सावली आता पोटावर पडेल. मूठही जागा बदलेल, ती मागे जाऊन अर्धी झाकली जाईल. ते बरंच आहे.

प्रतिसाद १

जुन्या तोटीवर भिंतीचा रंग चढवताना एक सांभाळा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगाची छटा जुळवली तर वाळल्यावर ठिगळ दिसेल. राखाडी किंचित उजळ मिसळा, तुकड्यावर लावून वाळू द्या, मग जुळवा. आणि खाली काळा असल्याने एका हातात झाकणार नाही. आधी पांढऱ्याचे दोन पातळ हात द्या, आणि मग तोटीपुरतं न थांबता किटलीच्या डावीकडची सगळी भिंत कडेपर्यंत एकदमच रंगवून घ्या.