अनुभव धागा: पहिली प्रोग्रामिंग भाषा कोणती शिकलात, आणि पोटाला कोणती आली?

माझी भाची यंदा बारावी झाली. सी घेऊ, जावा की पायथन, असं तिनं परवा विचारलं आणि मी अडखळले. राजारामपुरीतल्या चार क्लासमध्ये तिला घेऊन गेले. चौघांनी चार भाषा सांगितल्या, प्रत्येकानं आपल्याकडं शिकवली जाते तीच. म्हणून इथं विचारते. कोल्हापुरात राहून किंवा इथून बाहेर पडून ज्यांनी हे केलंय, त्यांनी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. तीन वर्षं टर्बो सी, म्हणजे निळ्या पडद्यावर सी लिहायचं डॉसच्या काळातलं जुनं सॉफ्टवेअर. 'कोनिओ डॉट एच' या फाइलचं नाव वर लिहिल्याशिवाय प्रोग्राम चालतच नाही, अशी माझी पक्की समजूत. पुण्यात मुलाखतीला लिनक्सचं मशीन समोर आलं आणि तिथल्या जीसीसी या कंपायलरला (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामला) ती फाइलच सापडेना. ती मूळ सी भाषेतली नाही, डॉसवरच्या कंपायलरांनी दिलेली सोय आहे, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. नोकरी हुकली. सी शिकतेय असं समजत होते आणि हात बसला होता तो एका निळ्या खिडकीवर. आज टेस्टिंगमध्ये आहे, काम पायथनवर.

शिरोली एमआयडीसी, सीएनसी

ताई, मी आयटीआयवाला. माझी पहिली भाषा जी-कोड, म्हणजे सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनला द्यायच्या सूचना, तिला कुणी भाषा म्हणो न म्हणो. आमच्याकडं फौंड्रीतनं फ्लँजची, म्हणजे भोकं पाडायच्या गोल चकत्यांची, कास्टिंग येतात. माप बदललं की भोकांचं वर्तुळ बदलायचं, की पुन्हा नवा प्रोग्राम. मशीन लावून देणाऱ्या एका जुन्या सेटर मामांनी फानुक कंपनीच्या कंट्रोलरचा मॅक्रो दाखवला, त्यात आकडे कप्प्यांत ठेवता येतात. हॅश १०१ या कप्प्यात पीसीडी (भोकांच्या वर्तुळाचा व्यास), हॅश १०२ मध्ये भोकं किती. ३६० ला भोकांच्या संख्येनं भागलं की कोन मिळाला, आणि व्हाइल (अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा करायची आज्ञा) लावून तेवढ्या वेळा ड्रिल. सहा भोकं असोत नाहीतर बारा, प्रोग्राम एकच. पहिल्यांदा टूल जॉबच्या, म्हणजे त्या कास्टिंगच्या, वर धरून ड्राय रन घ्यायचा, कारण एक आकडा चुकला तर टूल मोडतो, कधी जॉबही जातो.

पुढं दोन वर्षांनी मोबाइलवर पायथन बघत होतो. व्हाइल आला आणि मी उठून बसलो, हे तर मी रोज करतोय! आता शिफ्टचा प्रॉडक्शन रिपोर्ट पायथननं काढतो, आणि सेटरचा प्रोग्रामर झालोय. भाचीला सांगा, चुकलं तर काहीतरी मोडेल असं काम हातात घे. लक्ष लागतं.

करवीर तालुका, साखर कारखान्याचा ईडीपी (संगणक) विभाग

मी लागले तेव्हा ऊस बिलाचा सगळा प्रोग्राम फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस भाषेत होता. टनेज, तोडणी-वाहतूक, सोसायटीची कपात. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पुढची आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं, २०१५ च्या जानेवारीत सपोर्टही संपला. मला घाम फुटला होता, पण फॉक्सप्रोत सिलेक्ट ही माहिती काढायची आज्ञा चालायची, म्हणून एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा परकी वाटली नाही. ही भाषा १९७० च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली. आमच्याकडं तेव्हापासून स्क्रीन दोनदा बदलल्या, एसक्यूएल तीच आहे.

ती सोपी समजू नका मात्र. शेतकऱ्याच्या नावावर दोन कपाती असल्या आणि टनेजचं टेबल कपातीच्या टेबलाला सरळ जोडलं, तर त्याचा ऊस बेरजेत दोनदा येतो. मी हे केलंय. बिलं छापायच्या आदल्या संध्याकाळी सापडलं, कारण एकूण टनेज वजनकाट्याच्या बेरजेशी जुळेना. आधी कपाती शेतकऱ्यागणिक एकत्र करायच्या, मग जोडायच्या. हे मला कुठल्या क्लासात शिकवलं नव्हतं.

कागल, सध्या पुणे

माझं मत थोडं वेगळं आहे. मी आवडीनं रुबी शिकलो, अजून आवडते. पण पुण्यात कॉट बेसिसवर सात महिने काढले, फोन आला नाही. अर्जात जावा आणि स्प्रिंग बूट (जावात वेब प्रोग्राम करायची चौकट) हे शब्द टाकता येतील एवढं शिकलो तेव्हा आला. रुबीमुळं ऑब्जेक्ट, क्लास ओळखीचे होते, म्हणून जावा तीन महिन्यांत जमली, हेही खरं. तरी नोकरी तातडीची असेल तर आधी पन्नास जाहिराती वाचा आणि कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजा. कोल्हापूरच्या वेगळ्या मोजा, पुण्याच्या वेगळ्या.

मार्केट यार्ड, गुळाची अडत

डेटा सायन्सचा कोर्स अर्ध्यात सोडला. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आणायच्या चार ओळी पाठ झाल्या होत्या, आत काय होतं ते कळत नव्हतं. मग वडिलांच्या अडतीच्या पट्ट्या (हिशोबाचे कागद) घेतल्या. पायथननं रकाने जुळवून छापायला गेलो, तर मराठी नावांचे रकाने वाकडे. 'कोल्हापूर' ची लांबी विचारली, उत्तर ९! आपण को-ल्हा-पू-र असं चार मोजतो. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत काना, मात्रा, हलन्त सगळे स्वतंत्र मोजले जातात. त्या एका नऊवर मी चार रात्री घालवल्या, आणि कोर्समधल्या सगळ्यापेक्षा जास्त शिकलो. जुन्या पट्ट्या तर युनिकोडआधीच्या फॉन्टमधल्या, त्यांचं प्रत्येक अक्षर बदलणारं टेबल हातानं केलं. आता शेजारचे दोन अडते तेच काम करून मागतात.

धागाकर्ती

भाचीला सगळं वाचून दाखवलं. तिनं लगेच 'कोल्हापूर' टाइप केलं, ९ आल्यावर वहीत एकेक चिन्ह सुटं करून मोजलं, आणि मग 'इचलकरंजी' घेऊन बसली. शिरोलीच्या दादांना एक विनंती आहे. कंपनीचं ड्रॉइंग नको, पण तो भोकांचा लूप कागदावर लिहून फोटो टाकाल का? तिला तो पायथनमध्ये करून बघायचाय.